पाचशे शाळांना एक शास्त्रज्ञ नको, एका वर्गाला एक द्या

"शास्त्रज्ञांशी थेट संवाद" या नावाखाली आमच्या शाळांत जे चालतं त्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत होते. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. (सोबत मराठी, आणि कुणी रजेवर असलं की इतिहासही.)

हा संवाद असा होतो. आदल्या रात्री ग्रुपवर लिंक येते. खाली सूचना: सर्व शाळांनी उपस्थिती शंभर टक्के ठेवावी, फोटो व अहवाल चार वाजेपर्यंत सादर करावा. सकाळी टीव्हीला मोबाईल जोडायचा, तिन्ही वर्गांची पोरं एका खोलीत दाटीवाटीनं बसवायची. पडद्यावर आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय. शास्त्रज्ञ बोलायला लागेपर्यंत मागच्या रांगेत चिमटे काढणं सुरू झालेलं असतं. चॅट बंद. प्रश्न विचारायची संधी दोन शाळांना, त्या आधीच ठरलेल्या, आणि तिथली मुलगी पाठ केलेला प्रश्न विचारते, "सर, आपणांस शास्त्रज्ञ होण्याची प्रेरणा कोठून मिळाली?" मंत्र्याच्या सभेला ट्रॅक्टरनं माणसं नेऊन बसवावीत तशी पोरं बसवलेली. फोटो मात्र छान येतात.

भाषणाला माझा विरोध नाही. चांगला वक्ता असेल तर ऐकावं की. पण मग त्याला भाषण म्हणा. समोरच्याला माझ्या वर्गातलं एक नाव माहीत नाही, माझ्या वर्गातल्या एकाला तोंड उघडता येत नाही, आणि अहवालात लिहायचं "विद्यार्थ्यांनी शास्त्रज्ञांशी संवाद साधला".

आता दुसरी गोष्ट सांगते. कापसावरच्या किडींवर काम करणारी एक तरुण संशोधक ओळखीतून मिळाली. नागपुरात काम करते, मूळची अचलपूरकडची. तिला म्हटलं, बाई, भाषण नको, फक्त सातवीचा वर्ग आहे, व्हिडिओवर एक तास दे आणि तुझ्या टेबलावर जे पडलं असेल ते दाखव. सप्टेंबरातला शनिवार, सकाळची शाळा. पोरांना आठवडाभर आधी एवढंच सांगितलं होतं की वावरात जा, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, डोमकळी दिसली तर घेऊन या. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, ती डोमकळी. बाप-आजोबांच्या तोंडून शब्द ऐकलेला होता, पण फूल फोडून आत कुणी पाहिलं नव्हतं.

एका पोरीनं डोमकळी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून नखानं उलगडली. आत अळी निघाली, पण पांढुरकी. लगेच मागून आवाज, "म्याडम, हे त गुलाबी नाही." तिकडून उत्तर, लहानपणी पांढरीच असते, मोठी होता होता गुलाबी होते. त्यावर दुसरा, "पण गुलाबीच काऊन?" ती थांबली, हसली, म्हणाली याचं पक्कं उत्तर माझ्याकडं नाही, शोधावं लागेल. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आमचे एक ज्येष्ठ सर मात्र नाराज झाले. नंतर मला म्हणाले, "उत्तर नाही येत त कायची शास्त्रज्ञ?" सरांना मी काय सांगणार.

मग खरा प्रश्न आला. घरी पाच एकर कापूस असलेला पोरगा. "थे अळी उन्हाळ्यात कुठी जाते? तवा त वावरात पऱ्हाटीच नसते."

"तुमच्या घरी चुलीले सरपण काय?" तिनं विचारलं.

"पऱ्हाट्या."

"कुठी ठेवल्या?"

"घराच्या मांगं."

"मंग तथीच हाये थे."

वर्ग एकदम गप्प झाला. नंतर तिनं समजावलं: पऱ्हाट्यांवर जी न उमललेली, किडकी बोंडं राहून जातात त्यात अळी झोपून राहते, खाणंपिणं बंद, पुढच्या पावसाची वाट पाहत. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मध्ये बसते. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून पुन्हा कापूस घेऊ नका, असं कृषी खातं का ओरडतं ते पोरांना तिथं कळलं. हीच सूचना पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली आहे आणि ती पोरं रोज तिच्यावरून जातात.

बीटीवरही आलंच, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाच्या बियाण्यावर. 2002 साली आलेलं बियाणं, 2006 मध्ये त्यात दुसरं जनुक आलं, मग 2017 साली विदर्भात बोंडअळीनं उभं पीक खाल्लं, हे आमच्या गावात लहान पोरांनाही ऐकून माहीत आहे. "बीटी असून अळी मरत काऊन नाही?" तिनं उलट विचारलं, बियाण्याच्या थैलीत एक छोटं वेगळं पाकीट यायचं, त्याचं काय करायचे? एकानं खरं सांगितलं, "फेकून द्याचे." ते 120 ग्रॅमचं पाकीट बिगर-बीटी बियाण्याचं. बांधाकडेनं लावायचं. त्यावर जगणारे साधे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या पतंगांशी जुळतात आणि असल्या अळ्यांची पैदास लांबते, म्हणून ते दिलेलं असायचं. हे मी पुस्तकातून वाचून सांगितलं असतं तर पाच ओळींत संपलं असतं. इथं पोरगा म्हणाला, मी बाबाले सांगतो. बाप ऐकला का ते विचारू नका.

तासाच्या शेवटी तिनं कामगंध सापळ्यातली रबराची बारकी गोळी दाखवली. मादीच्या वासासारखा वास, नर येऊन अडकतात. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा. त्यावर अर्थातच खीखी, आणि एक फार चांगला प्रश्न: तो वास आपल्याले काऊन येत नाही?

मार्चमध्ये पऱ्हाट्या उपटून झाल्यावर तीच बाई, तोच वर्ग, पुन्हा. या वेळी पोरांनी घरामागच्या ढिगातली किडकी बोंडं फोडून जुळ्या सरक्या काड्यापेटीत भरून आणल्या होत्या, आणि तिनं नावं घेऊन विचारलं की तू मागच्या वेळी अमुक म्हणाला होतास त्याचं काय झालं. माझ्या मते सगळं त्या दुसऱ्या भेटीत आहे. पहिल्या भेटीत पोरं पाहुणा बघतात.

आपल्याकडं ही गोष्ट नवी नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचे की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. एका पोराला एक प्रश्न, एक उत्तर. हातात मोबाईल आल्यावर आपण त्याहून पुढं जायचं, तर पाचशे शाळांना एक लिंक पाठवून मागं आलो.

आणि शास्त्रज्ञ म्हटलं की इस्रोच कशाला? 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान उतरलं तेव्हा आमच्या गावातही फटाके वाजले, मलाही भरून आलं. पण त्यानंतर पोरांच्या डोक्यात शास्त्रज्ञ म्हणजे रॉकेटवाला, बंगळुरूचा. एकट्या नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, संत्र्यावर संशोधन करणारी संस्था आहे, देशभरातल्या मातीचा नकाशा करणारं मृदा सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, पाण्या-हवेवर काम करणारी नीरी आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठ. गडचिरोलीतल्या खेड्यांमध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांवर केलेलं काम 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ही सगळी माणसं आमच्या वावरातल्या, विहिरीतल्या, घरातल्या गोष्टींवर काम करतात आणि आमच्या पोरांना त्यातलं एक माणूस माहीत नाही. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा गावच्या ग्रुपवर काय काय फिरलं, कोप काय, चमत्कार काय. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

विद्यार्थी-शास्त्रज्ञ भेटीच्या सरकारी योजना आहेत. देशभरात प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआर या सरकारी संस्थेनं 2017 साली जिज्ञासा ही योजना सुरू केली, सुरुवात केंद्रीय विद्यालयांपासून. प्रयोगशाळेत मुलांना नेणं सगळ्यात उत्तम, यात वादच नाही. पण ज्या गावाला दिवसातून दोन एसट्या येतात तिथून चाळीस पोरं नागपूरला न्यायची तर गाडीचा खर्च, पालकांची संमतिपत्रं, दोन शिक्षक, आणि अख्खा दिवस. म्हणून व्हिडिओ.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी अनुभवाचं थोडं. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चित्र अडकलं तर पोरं सहन करतात, आवाज तुटला की वर्ग हातातून गेला. टीव्हीचा स्पीकर पुरत नाही, परिपाठाचा लाऊडस्पीकर जोडा. लाईन जाणारच, मोबाईल पूर्ण चार्ज ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन खिशात असू द्या. प्रश्न विचारणारं पोरगं फोनसमोर येऊन बसू दे, नाव सांगू दे. दिवाळीच्या आगेमागे ठेवू नका, अर्धा वर्ग कापूस वेचायला गेलेला असतो. आणि शिक्षकांनी मधे मधे "म्हणजे मुलांनो" करून समजावू नये. मला हे अजून जमत नाही.

माझी भीती वेगळीच आहे. उद्या कुणी म्हणेल, बघा, शास्त्रज्ञच ऑनलाइन शिकवतात, मग विज्ञानाच्या शिक्षकाची जागा भरायची गरज काय? प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंदच राहू द्या. तसं होता कामा नये. ती बाई दोन तास आली, पण डोमकळ्या आणायला लावणारं, काड्यापेट्या सांभाळणारं कुणीतरी शाळेत रोज असावं लागतं.

मागणं फार नाही. मोठा कार्यक्रम नको, बॅनर नको, प्रमाणपत्र तर नकोच. नागपूर-अकोल्यातल्या संस्थांनी एका संशोधकाला एक वर्ग जोडून द्यावा, सहावीला सुरू करून आठवी संपेपर्यंत, वर्षातून तीन-चार तास. आणि तो वेळ त्यांच्या कामात धरावा, रविवारच्या समाजसेवेत नाही.

तोवर आमची जुळवाजुळव अशीच चालू. या वर्षी सातवीला मातीवर काम करणारं कुणीतरी हवं आहे. शनिवार, सकाळी साडेसातनंतर कधीही. वऱ्हाडी समजत असेल तर बरं. वर्गाचा पहिला प्रश्न तयार आहे: आमच्या काळ्या वावराले उन्हाळ्यात पाय अडकंल एवढ्या भेगा पडतात, बाजूच्या बरडाले एकबी नाही, असं काऊन? (बरड म्हणजे हलकी, मुरमाड जमीन.) उत्तर मला माहीत आहे, पण मी फोडणार नाही. इनबॉक्समध्ये या.