आठ दिवसांचं मिशन

‘तुमच्याकडूनच पाठवतात ना ही पोरं?’ नगरच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मला, अमेरिकेत राहणारीला, थेट विचारलं. त्याआधी त्याने एक व्हिडिओ टाकला होता. कुठल्याशा पाड्यावर तीन गोरी पोरं गिटार घेऊन बसलीत, भोवती लहान मुलं, आणि वर लाल अक्षरांत ‘टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार’. पाडा कुठला, साल कोणतं, कशाचाच पत्ता नाही. अर्ध्या तासात ग्रुप पेटला. धर्मांतराविरुद्ध कडक कायदा हवा म्हणणारे एकीकडे, ‘मिशनरी नसते तर तुमच्या आज्या शाळेत गेल्या असत्या का?’ म्हणणारे दुसरीकडे. ग्रुपवर आमचे दोन ख्रिस्ती वर्गमित्रही आहेत, चार-चार पिढ्यांचे नगरकर. असल्या वादात ते एक अक्षर लिहीत नाहीत. नाताळात करंज्यांचा फोटो तेवढा टाकतात.

मीही गप्प राहिले. कारण त्याच संध्याकाळी मी खरोखरच अशा पोरांचा कार्यक्रम बघायला निघाले होते.

बॉस्टनच्या उत्तरेला, मेरिमॅक नदीकाठच्या एका गावात आम्ही अठरा वर्षं राहतोय. माझ्या धाकटीच्या मैत्रिणीच्या चर्चमधली चौदा मुलं फेब्रुवारीच्या सुट्टीत आठ दिवस ग्वाटेमालाला जाऊन आली होती. इथे याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. माणशी बावीसशे डॉलर. त्यासाठी मुलांनी वर्षभर गाड्या धुतल्या, केक विकले, चर्चच्या तळघरात स्पॅगेटीची जेवणं घातली. (दोन आम्हीही जेवलो. सॉस मिळमिळीत होता, पण वीस डॉलर देऊन तिखट कुठे मागायचं?) आता पैसे देणाऱ्यांना वृत्तांत सांगायचा म्हणून त्याच तळघरात पडदा लावला होता.

मुलांच्या मनात पहिलं भरलं काय, तर कुत्री. सोळा वर्षांचा एक उंच मुलगा उठून म्हणाला, कुणाचीच नसलेली कुत्री मी पहिल्यांदाच पाहिली. अख्ख्या तळघरात मी एकटीच हसले. मग कुणी पहाटे चारला आरवणारे कोंबडे सांगितले. कागद संडासात टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा, हे सांगताना एक जण कानापर्यंत लाल झाला. गाव डोंगरातलं, काक्चिकेल बोलणाऱ्या माया लोकांचं. स्पॅनिश ही त्यांचीही दुसरी भाषा. आमच्या पोरांची स्पॅनिश शाळेपुरती, म्हणजे आपलं नाव सांगायचं आणि ग्रंथालय कुठे आहे ते विचारायचं. त्या गावात ग्रंथालय नव्हतं.

काम होतं शाळेची एक खोली बांधण्याचं. हे त्या उंच मुलाने छान सांगितलं. जमिनीवर वाळू-सिमेंटचं आळं करायचं, मध्ये पाणी ओतायचं, फावड्याने माल कालवायचा आणि बादल्या वाहायच्या. अर्ध्या तासात हाताला फोड. गवंडी पन्नाशीचा, याच्या खांद्याला जेमतेम लागेल एवढा, शीळ घालत काम करणारा. तिसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः सिमेंटच्या ब्लॉकचा एक थर रचला, फोटो काढले आणि जेवायला गेली. हा टोपी विसरला म्हणून परत आला, तर गवंडी ओळंबा सोडून बघत होता. मग त्याने एकेक ब्लॉक उचकटला, थापीने माल खरवडला आणि आख्खा थर पुन्हा लावायला घेतला. ‘मला बघून तो हसला,’ मुलगा म्हणाला, ‘आणि ओठांवर बोट ठेवलं.’ तळघरात हशा पिकला. तो मात्र हसला नाही.

पुढे ते वाक्य आलंच. ‘त्यांच्याकडे काहीही नाही, तरी ती माणसं किती आनंदी आहेत!’ तीन मुलींनी ते म्हटलं, तिघींच्याही डोळ्यांत पाणी. मी खुर्चीत चुळबुळले, कारण हे वाक्य मी लिहिलेलं आहे. एफवायला असताना आमचं एनएसएसचं दहा दिवसांचं शिबिर पाथर्डी तालुक्यात होतं. आम्ही चर खणले, पथनाट्य केलं, आणि मी वहीत लिहिलं: ‘ग्रामस्थ गरीब असले तरी समाधानी वाटले. गावात विलक्षण शांतता आहे.’ शांतता असणारच. डिसेंबर होता, अर्धं गाव ऊसतोडीला गेलं होतं. हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं, तेही सरपंचांनी निरोपाच्या भाषणात ओझरता उल्लेख केला म्हणून. त्यामुळे या मुलींना हसायचा हक्क निदान मला तरी नाही.

प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी विचारलं, गावात आधीपासून चर्च होतं का? होती की, दोन. एक कॅथलिक, एक पेंटेकोस्टल, आणि दुसऱ्याचा भोंगा रात्री अकरापर्यंत. नवल नाही. ग्वाटेमालात स्पॅनिश फौज पोचली १५२४ साली आणि तिच्या मागोमाग ख्रिस्ती धर्म. आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला ‘मेफ्लॉवर’ लागलं १६२० मध्ये. म्हणजे ज्यांना येशूची ओळख करून द्यायला ही मुलं गेली, त्यांची ओळख जवळपास शंभर वर्षांनी जुनी! रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन अशा छोट्या मिशन ट्रिपांवर परदेशी जातात. त्यांतले पुष्कळ जण मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन अशा आधीच ख्रिस्ती असलेल्या मुलखांत जातात. तिथे बाटवायला कोणी उरलेलंच नाही.

पण म्हणून ग्रुपवरच्या मित्राची शंका अगदीच हवेतली आहे, असंही मी म्हणणार नाही. २०१८च्या नोव्हेंबरात जॉन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन पर्यटक व्हिसावर अंदमानात आला आणि बंदी मोडून, मच्छीमारांना पैसे देऊन उत्तर सेंटिनल बेटावर गेला, येशू सांगायला. तिथेच मारला गेला. बाहेरचा साधा ताप ज्यांना संपवू शकतो अशा माणसांमध्ये तो शिरला होता. २०१० मध्ये हैतीत भूकंपानंतर आयडाहोच्या चर्चमधल्या मंडळींसह दहा अमेरिकनांना ३३ मुलं सीमेपार नेताना पकडलं. बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते. आपण भलंच करतोय अशी एकदा खात्री पटली की माणूस कागदपत्रांना किती जुमानतो, ते यात दिसतं.

पण आपल्याकडचा वाद या असल्या पोरांबद्दल नसतोच. तो स्वतःबद्दल असतो, आणि वाटतो त्याहून गुंत्याचा. मिशनऱ्यांच्या कामावर ताशेरे ओढणारा अहवाल १९५६ साली मध्य प्रदेश सरकारला दिला तो निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींच्या समितीने. कायदा मागणारे आजही त्याचा दाखला देतात. त्याच साली १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांसोबत ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांत हेच नियोगी होते. हे मी एकदा ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही, सुप्रभातचं फूल आलं.

मला या ट्रिपांमध्ये खटकतात ते आठ दिवस. आम्ही राहतो तिथून हेवरिल हे गाव जवळच आहे. तिथली हॅरिएट ॲटवूड लग्न होऊन हॅरिएट न्यूएल झाली आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम बंदरातून मिशनरी नवऱ्याबरोबर हिंदुस्थानला निघाली. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिलं नाही. मग मॉरिशसची वाट धरली. बोटीवर बाळ झालं, ते गेलं, आणि नोव्हेंबरात मॉरिशसला तीही गेली. वय एकोणीस, माझ्या थोरलीएवढं. नवरा पुढे मुंबईत आला आणि १८२१ मध्ये पटकीने गेला. त्याचा सोबती गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यात, तोही पटकीने. त्याच मिशनची सिंथिया फरार १८२७ मध्ये आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती.

यांचा हेतू चौदा पोरांपेक्षा शंभरपट पक्का होता. त्यांना बाटवायचंच होतं आणि ते ती गोष्ट लपवत नव्हते. पण ते मराठी शिकले, आणि म्हणून आपल्याला त्यांच्याशी भांडता आलं. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारींनी पाद्र्यांना जाहीर सभांत सवालजवाब केले. समोर होता जॉर्ज बोवेन, चाळीस वर्षं मुंबईत राहून मुंबईतच मेलेला अमेरिकन. त्याने त्या वादाचा वृत्तांतही छापला. ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स १९६५पासून कुष्ठरोग्यांत राहत होते. जानेवारी १९९९ मध्ये त्यांना दोन लहान मुलांसकट गाडीत जाळलं, त्या रात्री त्यांच्याशी वाद घालायला कुणी आलं नव्हतं.

ग्वाटेमालातल्या त्या गवंड्याला पोरांशी भांडायची सोयच नव्हती. ओठांवर बोट ठेवणं, एवढंच दोघांच्या समान भाषेत बसत होतं.

घरी येताना गाडीत धाकटी म्हणाली, पुढच्या वर्षी मला पण जायचंय. चर्च म्हणतं, कुठल्याही धर्माची मुलं चालतील. मी म्हटलं, पैसे तू जमवायचे, आणि तोवर स्पॅनिश एवढी शिकायची की गवंडी काय म्हणतो ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर जायचं नाही. ती म्हणाली, आणि काक्चिकेल? तिला वाटलं, मी अडकले. अडकलेच होते.

रात्री आईला नगरला फोन लावला. ग्रुपवर काय चाललंय, इथे काय पाहिलं, सगळं सांगितलं. आता ती ‘बाटवतील पोरीला’ म्हणणार, अशी माझी तयारी होती. माझा जन्म मिशनच्या दवाखान्यातला, पण ते तिच्या लेखी वेगळं खातं. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘जाऊ दे की तिला,’ म्हणाली. ‘फक्त तिकडं पाणी उकळून पी म्हणावं.’