जावईबापूंचा अंतरपाट

रविवारपासून माझं उजवं मनगट दुखतंय. मामांना काही बोलता येत नाही, बायकोचे मामा आहेत.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे सोंगं घेऊन, फासे टाकून खेळायची लढायांची गोष्ट. ती खेळवणारा (आमच्यात मी) आपल्यापुढं पुठ्ठ्याचा पडदा उभा करतो. खेळाडूंकडून ड्रॅगनचं चित्र, आपल्याकडून नियमांचे तक्ते. आडवा पडलेला उठायला निम्मी चाल (एका पाळीत जेवढं सरकता येतं ते) खर्च करतो, अर्ध्या आडोशाला बचावात २ वाढतात, पाऊण आडोशाला ५. ३००च्या वर पानांचं पुस्तक ऐन लढाईत कोण चाळणार? विकतचा पडदा परवडेना, म्हणून तीन रात्री जागून जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर मीच केला. मराठीत! अजून कुणी 'बरा झालाय' एवढंही म्हटलेलं नाही. उलट 'आंधळा' आणि 'बहिरा' या ओळींच्या मधोमध पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा डाग आहे, तो आता निघायचा नाही.

तर इंदूरला रामबागेत आमच्या घरी डाव रंगात असताना मामा पोहे-जलेबी घेऊन आले. रिकामी खुर्ची नेमकी माझ्या बाजूला.

"हा अंतरपाट कशाला, जावईबापू?"

"इकडं गुपितं असतात, मामा."

मामांनी चष्मा लावला. "राक्षसाचे ७च पॉइंट उरलेत की हो!"

पोरांनी टेबल बडवलं. माझा राक्षस तिथंच मेला म्हणायचा. मामांचं वाचन मात्र चालूच. "पडल्यास दर १० फुटांना एका फाशाइतकी इजा, जास्तीत जास्त २० फासे. म्हणजे २०० फुटांच्या वर फुकट? राजवाड्यावरनं पडला त्याला हिशोब, आणि विमानातनं पडला त्याला सूट?"

मी हसलो. तिथंच चुकलो. कारण पुढची ओळ 'पकडलेला' होती, आणि मामा तरुणपणी आखाड्यात जायचे.

"चाल शून्य. बस? तलवार खुशाल फिरवायची? कुणी लिहिलं हे?"

"खेळ गायगॅक्स आणि आर्नेसननं १९७४ साली काढला. ही ओळ पाचव्या आवृत्तीतली, २०१४ ची."

"४० वर्षांत यांच्यातला एकही आखाड्यात उतरला नाही?" असं म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं. "फिरवा तलवार, जावईबापू."

माझी मान टेबलाला टेकली. नाकासमोर शेवेचा दाणा. माझा सख्खा भाचा गंभीरपणे मला म्हणाला, "मामा, नियमानं तुम्ही हल्ला करू शकता हं." याला मी फासे ओळखायला शिकवलं होतं.

चहा होईपर्यंत सुटका झाली नाही. जाताना मामांनी खिशातलं बॉलपेन काढून माझी ओळ आडवी खोडली आणि खाली ठसठशीत लिहिलं: 'पकडलेल्यास काहीही करता येत नाही.' शाई पुठ्ठ्यातून पार ड्रॅगनच्या पोटात उतरलीय.

पोरं आता तोच नियम धरतात. आणि पुढच्या रविवारी मामा येणार का, हे मला फोन करून विचारतात.