समुद्राला मिळालेलं पाणी वाया जातं म्हणे!

‘जगातील महान नद्यांची थक्क करणारी माहिती’ अशा मथळ्याचा मेसेज गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. भजनी मंडळाचा ग्रुप असो की माजी विद्यार्थ्यांचा, कोणी ना कोणी तो टाकतोच. मजकूर थोडक्यात असा: नाईल ही दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी जगातली एकमेव नदी. ॲमेझॉन दर सेकंदाला दोन लाख घनमीटर गोडं पाणी समुद्रात फुकट घालवते. इजिप्तने नाईल अडवली आणि देशाचं सोनं झालं. अमेरिका कोलोरॅडोचा एक थेंबही समुद्राला देत नाही. रशियाच्या अवाढव्य नद्या बर्फाळ समुद्रात जाऊन कुणाच्याच कामी येत नाहीत. मग शेवटी स्वारी आपल्या दारात येते: मांडवीचं १८८ टीएमसी (म्हणजे १८८ अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी अरबी समुद्रात वाया जातं, त्यातलं थोडं कर्नाटकाने वळवलं तर बिघडलं कुठे? खाली ‘देशहितासाठी पुढे पाठवा’.

म्हादईसाठी (मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव) सभांना जाणारेही हा मेसेज बिनदिक्कत पुढे ढकलतात. वरची माहिती रंजक असते आणि शेवटपर्यंत वाचतो कोण!

नाईलच्या दिशेचा मुद्दा दोन ओळींत संपवतो. ओब, येनिसेई, लेना या सायबेरियातल्या तिन्ही मोठ्या नद्या उत्तरेलाच वाहतात. आपल्याकडे चंबळ आणि बेतवाही त्याच दिशेने जातात. मेसेज लिहिणाऱ्याने निदान आपला पाचवा मुद्दा तरी वाचायचा होता. रशियाच्या नद्या बर्फाळ समुद्राला मिळतात त्या उत्तरेला वाहतात म्हणूनच की!

ॲमेझॉनचा आकडा मात्र खरा आहे. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं पाणी देतात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या ॲमेझॉनचा. मांडवीचं वर्षभराचं म्हणून सांगितलं जाणारं पाणी ती सात-साडेसात तासांत ओतते. इ.स. १५०० मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी पिन्झोन तिच्या मुखासमोरून गेला, तेव्हा किनारा दूर असतानाच त्याला समुद्राचं पाणी पिण्याजोगं लागलं आणि त्याने त्या भागाला ‘गोडा समुद्र’ असं नाव दिलं. पण ते पाणी फुकट जात नाही. त्यातला चिखल किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर वायव्येला सरकत जातो आणि फ्रेंच गियाना, सुरिनाम, गयाना यांच्या किनाऱ्यांवर चिखलाचे पट्टे उभे करतो. त्या पट्ट्यांवर खारफुटी वाढते आणि लाटांचा मार आधी तीच झेलते. नदीबरोबर आलेल्या क्षारांवर समुद्रातलं प्लवंग, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, पोसलं जातं आणि प्लवंगावर मासळी.

आता इजिप्त. आस्वानचं मोठं धरण १९६० ते १९७० या काळात उभं राहिलं. त्याने वीज दिली, पूर थांबवले आणि १९८० च्या दशकातल्या दुष्काळात इजिप्तला तारलं, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. मेसेज इथेच थांबतो. धरण होण्याआधी नाईल वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त गाळ खाली आणत होती. तो आता नासेर जलाशयाच्या तळाशी बसतो. नवा गाळ येणं थांबलं आणि रशीद शहराजवळचा किनारा समुद्र खात सुटला. पुराच्या पाण्यावर वाढणारी सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांची भावंडं, १९६२ साली तिथे अठरा हजार टनांच्या आसपास मिळत होती. धरणात पाणी साठू लागल्यावर काही वर्षांतच हा आकडा हजाराच्या खाली आला. पुढे मासळी पुन्हा वाढली खरी, पण त्यामागे बऱ्याच अंशी शेतातून वाहून आलेली रासायनिक खतं आणि शहरांचं सांडपाणी होतं, असं अभ्यासकांचं मत आहे. नदी जे फुकट देत होती, ते गटाराकडून मिळू लागलं.

आणि ‘वाया’च मोजायचं असेल तर इजिप्त आणि सुदान यांचा १९५९ चा करार पाहा. त्यात नाईलचं वर्षाचं पाणी ८४ अब्ज घनमीटर धरलं आहे. इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५. उरलेले १० अब्ज कोणाचे? बाष्पीभवन आणि पाझर यांचे. वाळवंटात एवढा मोठा जलाशय उघडा ठेवल्यावर सूर्य आपला वाटा घेणारच, आणि तो करारात लिहूनच दिला आहे. आपल्या मापात हे साडेतीनशे टीएमसी होतात, मांडवीच्या त्या १८८ च्या जवळजवळ दुप्पट. अडवलेलं पाणीही उडून जातं, त्यावर मात्र कोणी मेसेज लिहीत नाही.

कोलोरॅडोपाशी जरा थांबायला हवं, कारण मेसेजमध्ये ती शाबासकी म्हणून आली आहे. एक थेंबही समुद्राला न देणं हे जवळजवळ खरं आहे. १९२२ साली अमेरिकेतल्या सात राज्यांनी या नदीचं पाणी कागदावर वाटून घेतलं, तेही नेमक्या ओल्या वर्षांचे आकडे धरून. म्हणजे नदीत जेवढं नव्हतं तेवढं वाटलं गेलं. मग हूवर धरण आलं, १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन आलं. लॉस एंजेलिस, फिनिक्स, लास वेगास यांचे नळ आणि वाळवंटातली चाऱ्याची, भाजीची शेती त्या पाण्यावर चालते. १९६० च्या दशकानंतर मोजकी पुराची वर्षं सोडली तर नदी मेक्सिकोत समुद्रापर्यंत पोचतच नाही.

समुद्राच्या त्या टोकाला काय झालं हे गोव्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. कोलोरॅडोच्या मुखाशी शिंपल्यांची बेटं आहेत. वाळूची नव्हेत, शिंपल्यांचीच. एका जातीच्या तिसरीसारख्या जिवाचे पांढरे शिंपले लाटांनी लोटून लोटून त्यांचे ढीग घातले आहेत. गेल्या हजारेक वर्षांत मेलेले हे शिंपले किमान दोन लाख कोटी असतील, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००० साली मांडला. एवढे जीव जगले ते गोडं आणि खारं पाणी तिथे मिसळत होतं म्हणून. नदी यायची थांबली आणि जिवंत तिसऱ्या जवळपास दिसेनाशा झाल्या. त्याच खाडीत अंडी घालायला येणारा, माणसाएवढा वाढणारा तोतोआबा मासा धोक्यात आला. त्याची शिकारही बेसुमार झाली, सगळं खापर धरणांवर फोडता येणार नाही. मुखाजवळच्या कुकापा जमातीच्या लोकांचं पोट या नदीवर होतं, त्यांच्या वाट्याला कोरडं पात्र आलं.

शेवटी अमेरिका आणि मेक्सिको यांनी २०१२ साली करार करून २०१४ च्या मार्च महिन्यात मोरेलोस बंधाऱ्यातून मुद्दाम पाणी सोडलं. कोरड्या पात्रात पाणी येताना बघायला गावंच्या गावं नदीत उतरली, ज्या मुलांनी नदी कधी पाहिली नव्हती ती त्यात डुंबली. मे महिन्याच्या मध्यावर नदी थोड्या वेळापुरती समुद्राला भेटली. थेंब न सोडण्याचं ज्यांचं कौतुक मेसेज करतो, त्यांनीच थेंब सोडण्यासाठी करार केला!

रशियाच्या ‘निरुपयोगी’ नद्यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे, कारण हा मेसेज तिथे सरकारी धोरण होता. सायबेरियाचं पाणी दक्षिणेला वळवायची योजना सोव्हिएत काळात अनेक वर्षं शिजत होती. युरोपीय भागातल्या पेचोरा नदीचं पाणी कामा नदीकडे नेणारा कालवा खणायला तर २३ मार्च १९७१ रोजी जमिनीखाली तीन अणुस्फोट केले. कालवा झाला नाही. तिथे आज एक तळं आहे आणि किरणोत्सर्ग. सायबेरियाची योजना १९८६ मध्ये गुंडाळली गेली. पण मध्य आशियातल्या अमू दर्या आणि सीर दर्या सुटल्या नाहीत. त्यांचं पाणी कापसाला वळवलं आणि १९६० साली जगातलं चौथं मोठं सरोवर असलेला अरल समुद्र आटला. उझबेकिस्तानातल्या मोयनाक या एकेकाळच्या मासेमारी बंदरात गंजलेली जहाजं वाळूत उभी आहेत. तळाचं मीठ आणि शेतातली कीटकनाशकं वाऱ्यावर उडून माणसांच्या छातीत जातात.

‘देशहिता’बद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १९७५ साली आपल्याच देशात गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला. सव्वादोन किलोमीटर लांब, १०९ दरवाजे. कशासाठी? हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदर बुजत चाललं होतं, म्हणून तिच्यात गंगेचं पाणी सोडून गाळ समुद्राकडे लोटण्यासाठी. समुद्राकडे पाणी पाठवायलाच एवढा खर्च. त्या बंधाऱ्याने बांगलादेशाशी तंटा उभा केला आणि वर चढणारा हिलसा मासा अडवला, तो भाग वेगळा.

मेसेजच्या विरोधात आपल्या बाजूनेही एक उत्तर फिरतं: नदीचं पाणी समुद्राला मिळालं नाही तर पाऊसच पडणार नाही. कृपा करून हे लिहू नका. समुद्रावरून जेवढं पाणी वाफ होऊन उठतं त्यापुढे मांडवीची बेरीज किस झाडकी पत्ती. खरी गोष्ट याहून बारीक आणि जास्त मजेची आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांची तुलना केली. गंगा, ब्रह्मपुत्रा वगैरे नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरात वरच्या थरात पसरतं. ते हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून पृष्ठभाग उबदार राहतो आणि पावसाळी ढगांना तो मानवतो. अरबी समुद्रात असा जाड थर नाही. तेव्हा हा युक्तिवाद मांडवीला चिकटवू नये.

मांडवीसाठी उधारीच्या युक्तिवादाची गरजही नाही. १८८ टीएमसी हा आकडा म्हादई जलविवाद लवादाचा, २०१८ च्या निवाड्यातला आणि ७५ टक्के भरवशाचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षं निदान एवढं पाणी येतं असा. तो वर्षाचा आहे. त्यातला बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. जुलैत नदी जवळजवळ मुखापर्यंत गोडी होते, एप्रिल-मेमध्ये वरून येणारा झरा क्षीण होतो आणि खारं पाणी पार आत शिरतं. भरती-ओहोटी तर मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. वार्षिक बेरीज दाखवून मे महिन्याचा प्रश्न सुटत नाही.

हे गोडं-खारं पाणी काय करतं ते बघायचं असेल तर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून कसलेल्या जमिनीच्या, बांधावर जाऊन मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, उभं राहावं. चिऱ्याच्या बांधकामात लाकडी दारं, बाहेरच्या बाजूला उघडणारी. भरती चढली की नदीचं पाणी त्यांना दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. ओहोटीला तिथे जाळं लागतं आणि सुंगटं (कोळंबी), शेवटे, काळुंद्रं, कुर्ल्या हाती येतात. म्हणून मानशीच्या मासळीचा लिलाव होतो. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून कसलेली. पावसाळ्यात मातीतलं मीठ पावसाने धुऊन जातं, नदीही गोडी झालेली असते, तेव्हा भात होतं. पुढे पाणी खारं होतं, काही ठिकाणी मिठागरं सुरू होतात. समुद्रात जन्मलेली सुंगटाची पिल्लं वाढायला खाडीतच येतात, आणि ऑगस्टमध्ये ट्रॉलर सुटल्यावर बाजारात जी सुंगटं दिसतात त्यांतली कितीतरी इथेच मोठी झालेली असतात.

‘गोव्याला एवढ्या पाण्याचं करायचंय काय?’ असंही विचारलं जातं. लवादाने गोव्याला २४ टीएमसी दिलं, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं मोठं प्रमाण वीजनिर्मितीसाठी आहे. मलप्रभा नदीकडे वळवायचं ते ३.९. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही, आणि पावसाळ्यातल्या लोंढ्यातून ३.९ गेलं म्हणून पणजीच्या पुलाखाली फार फरक दिसेल, असंही मला वाटत नाही. फरक पडतो तो वर, कळसा आणि भांडुरा या नाल्यांपाशी, जिथे नदी अजून ओंजळीएवढी असते. तिथलं जंगल, जनावरं आणि खाली सत्तरीतली वायंगणं (पावसाळ्यानंतरची भातशेती) त्या ओंजळीवर असतात. १८८ मधले ३.९ म्हणजे जेमतेम दोन टक्के, हा हिशेब मुखाशी बसून केलेला आहे, उगमाशी तो लागू पडत नाही.

आणि हे फक्त बेळगावच्या दिशेने तोंड करून बोलून चालणार नाही. तिळारीचं धरण बांधताना महाराष्ट्र आणि गोवा दोघेही भागीदार होते, त्याच नदीचा खालचा भाग म्हणजे आपली शापोरा. साळावलीचं धरण पूर्णपणे आपलंच. धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या कार्यक्रमात व्यासपीठावरून ‘वाया जाणारं पाणी अडवलं’ हे वाक्य आपल्याकडेही टाळ्या घेतं. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना फळ्या पडतात. त्या टाकताना खाली किती पाणी सोडायचं, हे ठरवायला मानशीवाल्याला आणि तिसऱ्या काढणाऱ्या बाईला कोणी बोलावतं का?