सहा, सहा, चार

"अरे, फाइल उघडतेय, पण सेव्ह होत नाहीये," काकू म्हणाल्या. "बघू देतेय, हात लावू देत नाहीये. सोनाराच्या दुकानासारखं."

पुढच्या दोन तासांत मी जी निदानं केली, त्यांतलं एकही याच्या जवळपास पोचलं नाही.

आमच्या ऑफिसात कम्प्युटरचा वेगळा माणूस नाही. कपाटावर लिनक्सचा एक सर्व्हर आहे, सगळ्यांच्या मशीनवरून त्यातल्या फाइली उघडाव्यात म्हणून सांबा लावलेला. एकदा सगळे वायफायचा पासवर्ड विसरले आणि मला तो आठवला, तेव्हापासून सर्व्हर माझा. हिशेबाचा पोरगा स्वतःच्या लग्नासाठी रजेवर, त्याचं काम काकूंकडे, तारीख १९, आणि २० तारखेच्या आत जीएसटीचं थ्री-बी हे विवरणपत्र भरायचं.

मी रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून, सर्व्हरवर शिरलो. त्या फाइलला हात लावून पाहिला; तिने मुकाट ऐकलं. "काकू, माझ्याकडे होतंय की!" मी ओरडलो. आता रूटला कोण अडवणार? मांडवात पाहुण्यांना जेवण मिळतंय का हे बघायला नवऱ्याच्या मामाला पाठवण्यातला हा प्रकार.

मग परवानग्या पाहिल्या. ६४४. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. मालकाला सहा, फाइल ज्या गटाची त्यातल्यांना चार, बाकी जगाला चार. म्हणजे गटाला लिहिता येत नाही. सापडलं! एकेक फाइल कुठे बघत बसू म्हणून अख्ख्या 'हिशेब' फोल्डरवर, आतल्या-बाहेरच्या सगळ्यावर, परवानग्या बदलायची आज्ञा, सीएचमॉड ६६४, फिरवली आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत तीन टेबलांवरून हाका आल्या. आता फोल्डरच उघडेना. कुणालाच. (मला उघडत होता. मामा जेवतच होता.)

गोम त्या एकात होती. फाइलच्या बाबतीत तो एक म्हणजे ती प्रोग्रॅमसारखी चालवण्याची मुभा, पण फोल्डरच्या बाबतीत तोच एक म्हणजे उंबरठा ओलांडण्याची मुभा. माझ्या ६६४ ने सगळ्या फोल्डरांचा तो काढून घेतला. खिडकीतून भांडी मोजता येतात, पण घरात पाऊल टाकता येत नाही, अशी अवस्था. यावर उपाय म्हणून सीएचमॉडमध्येच मोठ्या लिपीतला एक्स असतो, तो फोल्डरांना उंबरठा परत देतो आणि साध्या फाइलींना हात लावत नाही. तो शोधेपर्यंत सात वाजले. मधल्या काळात ७७७ करून, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देऊन, मोकळं होण्याचा मोह तीनदा झाला. पण मग शिकाऊ मुलालाही सगळ्यांचे पगार खोडता आले असते. वाचता तर आत्ताही येत होते, हे तेव्हाच लक्षात आलं आणि मी गप्प बसलो.

फोल्डर उघडला. काकूंची फाइल मात्र अजून सोनाराकडेच.

आता गट पाहिला, तर 'संचालक'. साहेबांनी ती स्वतःच्या फोल्डरातून ओढून इथे टाकली होती. फाइल नुसती हलवली की माहेरचा गट सोबत घेऊन येते. कॉपी केली असती तर नवी फाइल जन्मली असती, नव्या घरच्या रीतीने. गट बदलून 'हिशेब' केला. तरी नाही. कारण काकू 'हिशेब' गटात नव्हत्याच. सर्व्हरच्या लेखी त्या अजून स्वागतकक्षात बसत होत्या. त्यांना गटात घातलं. तरी नाही!

शेवटी आठवलं, की कोण कुठल्या गटात हे सर्व्हर माणूस आत येतानाच विचारतो, मध्येच नाही.

"काकू, कम्प्युटर एकदा बंद करून चालू करा."

"रोज करते की! घरी जाताना बंद केल्याशिवाय मी उठत नाही," असं म्हणत त्यांनी ठसक्यात मॉनिटरचं बटण दाबलं.

ते पुन्हा दाबून मी टास्क मॅनेजर उघडला. मशीन ४१ दिवस चालू होतं.