हिरवे मावळे

माझ्या गॉब्लिनांना, म्हणजे मी रंगवलेल्या इंचभर उंचीच्या हिरव्या, मोठ्या कानांच्या बाहुल्यांना, सोसायटीच्या किल्ले स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या नातवाचं आहे. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, तोही त्यांच्याच घरी गेला. मला काकांनी जिन्यात गाठून एक करंजी दिली.

गॉब्लिन तिथे पोचले कसे, ते थोडक्यात. मी कामावर होतो. काका घरी आले आणि आईला म्हणाले, मातीचे मावळे यंदा फार महाग झालेत, त्यातले दोन आणतानाच मोडले, तुमच्याकडे ते बारके बारके सैनिक आहेत ना? आईने खोक्यासकट दिले. वर मलाच म्हणाली, "एवढे पडलेत तुझ्याकडे. चार दिवस खाली गेले तर काय झिजणार आहेत?" आईच्या हिशेबी माझ्याकडे सैन्य नाही, पसारा आहे. पसारा आपल्या पायाने घराबाहेर जात असेल तर ती आडवी येत नाही.

हे काय प्रकरण आहे ते माहीत नसणाऱ्यांसाठी, म्हणजे अख्ख्या माहीमसाठी, सांगतो. इंग्लंडमध्ये 1983 साली वॉरहॅमर नावाचा टेबलावर मांडायचा लढाईचा खेळ निघाला. ऑर्क, गॉब्लिन, एल्फ, सांगाडे अशा फौजा, मोजपट्टी लावून पुढे सरकवायच्या आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. बाहुल्या 28 मिलिमीटरच्या मापातल्या. विकत घ्याल तेव्हा कोऱ्या, रंग आपण द्यायचा. मी नव्या घेत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडच्या कुणा पोराने हौसेने घेतलेल्या, रंगाचे थरावर थर चढवून नाकडोळे बुजवून टाकलेल्या आणि पुढे पोटमाळ्यावर गेलेल्या फौजा जुन्या बाजारातून येतात, त्या घेतो. रंग उतरवतो, तुटलेले हात जोडतो, पुन्हा रंगवतो.

रंग उतरवायला डेटॉल लागतं. हा शोध माझा नाही, खुद्द इंग्लंडातले जुने खेळाडू तेच वापरत आले. निर्भेळ डेटॉलमध्ये बाहुल्या बुडवून ठेवायच्या, मग हातमोजे घालून टूथब्रशने घासायच्या. यात एकच मेख आहे. घासून होईपर्यंत पाण्याचा थेंब लागता कामा नये, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकटा होऊन तो जन्मात निघत नाही. मोठ्या बाटल्या एकदम घ्यायला गेलं की आमचा केमिस्ट दर वेळी आवाज खाली आणून विचारतो, "घरी कोण आहे आजारी?" एकदा म्हणालो, गॉब्लिन. तो म्हणाला, "लवकर बरे होतील."

असो. स्पर्धेकडे येतो.

पाडव्याला संध्याकाळी परीक्षण होतं. परीक्षक पलीकडच्या गल्लीतल्या एक निवृत्त बाई, इतिहास शिकवायच्या. आमच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक, त्यामुळे माती शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या खड्ड्यातून आणलेली. विटा, गोणपाट, वर गेरू, उतारावर पेरलेला हळीव चांगला तरारून आलेला. सिंहासनावर मातीचे महाराज. आणि पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत, प्रत्येक बुरुजावर, दरवाजावर, विहिरीच्या काठावर माझे गॉब्लिन. मी ऑफिसची बॅग खांद्याला तशीच लटकवून मागे उभा राहिलो.

काका आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये होते. दुसऱ्यांचे खुलासे ऐकण्यात हयात गेल्यामुळे खुलासा कसा द्यावा हे त्यांना पक्कं ठाऊक.

बाईंनी चष्मा सारखा केला, वाकल्या. "मावळे हिरवे का हो?"

मला वाटलं, आता सापडले. काका जराही अडखळले नाहीत. "गनिमी कावा, बाई. झाडीत दिसायला नकोत म्हणून अंगाला पाला चोळलाय."

"आणि कान?"

"टेहळणीचं पथक आहे. त्यांचं कामच ऐकण्याचं."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. नातू म्हणाला, "आजोबा, हे ऑर्क आहेत. गेममध्ये असतात." काका म्हणाले, "तू गप रे." खरं तर तेही ऑर्क नव्हेत, गॉब्लिन. पण त्या आवारात सत्याच्या सगळ्यात जवळ तो पोरगाच होता आणि त्यालाच गप बसवलं गेलं.

बाई माचीपाशी आल्या. "हे कशावर बसलेत?"

"लांडगा," मी मागून पुटपुटलो.

"मुधोळ," काका ठणकावून म्हणाले. "मुधोळ हाउंड. अस्सल देशी."

"कुत्र्यावर बसून लढाई?"

"मावळा अंगाने काटक, बाई. कुत्र्याला भार होत नाही. शिवाय घोड्यासारखी दाणावैरण नाही, खर्च किती वाचतो बघा." हे शेवटचं वाक्य त्यांच्या आतून आलं असावं. बाईंनाही पटल्यासारखं दिसलं.

मग त्या महाद्वाराशी थांबल्या आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. तिथे काळ्या झग्यातला, टोकदार टोपीचा एकजण उभा होता. याला फॅनॅटिक म्हणतात. अळंबी खाऊन तर्र झालेला असतो आणि साखळीला अडकवलेला भलामोठा गोळा स्वतःभोवती गरगर फिरवत असतो. आपल्याच टोळीत लपलेला असतो. शत्रू जवळ आला की त्याला मोकळा सोडतात. मग तो कुठे जाईल ते फासे ठरवतात आणि वाटेत आपली माणसं आली तरी त्यांनाही झोडपतच जातो. (आमच्या मॅनेजिंग कमिटीत असे दोघे आहेत.) हा मला मिळाला तेव्हा रंगाने इतका लिंपलेला होता की गोळा कुठला आणि डोकं कुठलं ते कळत नव्हतं. साखळीच्या कड्या टाचणीने एकेक मोकळ्या केल्या होत्या.

"दांडपट्टा," काका म्हणाले.

"पण टोकाला गोळा आहे."

"सरावाचा पट्टा. वजन असतं त्याला. मनगट तयार होतं."

बाई त्याच्या तोंडाशी चष्मा नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "डोळे मात्र सुरेख काढलेत हो."

डोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 28 मिलिमीटरच्या बाहुलीचा डोळा एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यात पांढरा, पांढऱ्यात काळा ठिपका, आणि दोन्ही ठिपके एकाच दिशेला बघणारे हवेत, नाहीतर अख्खी पलटण तिरळी होते. कित्येक संध्याकाळी यात घालवल्यावर मी परळच्या एका गणपती कारखान्यात जाऊन आखणी करणाऱ्या कारागिराशेजारी बसलो होतो. तो फुटाफुटाच्या मूर्तीचे डोळे एका दमात ओढत होता. मी खिशातून गॉब्लिन काढून तळहातावर ठेवला. त्याने पाहिला, ब्रश धुतला, म्हणाला, "श्वास पुरता सोडून झाला की पुढचा घ्यायच्या आधी रेघ मार." आणि मग, "पण हे बघणार कोण?" पहिल्या वाक्याचा मला जन्मभर उपयोग होणार आहे. दुसऱ्याला मी अजून उत्तर शोधतो आहे.

तर बाई म्हणाल्या, डोळे सुरेख. मी एक पाऊल पुढे झालो. काकांनी हात आडवा करून माझी ओळख करून दिली. "हे आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. यांना लहान मुलांची फार आवड. रंगाला यांनी थोडी मदत केली."

थोडी!

"वा," बाई म्हणाल्या. "मुलांमध्ये रमता, छान आहे. एरवी काय करता?"

"इन्शुरन्समध्ये आहे."

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला.

ते 'एरवी' मला तेव्हापासून टोचतं आहे. या शहरात छंद दहावीच्या आधी करावा, नाहीतर रिटायर झाल्यावर. मधली चाळीस वर्षं माणसाने पास काढून लोकलला लटकावं आणि उरलेल्या वेळात जोडधंदा करावा. रंगाचा हात बरा आहे म्हटल्याबरोबर समोरचा विचारतो, "एकाचे किती मिळतात?" मिळत नाहीत म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, नुकसान त्याचं झाल्यासारखा. पहाटे शिवाजी पार्कला गोल गोल फिरणाऱ्याला कधी कुणी थांबवून विचारलंय, फेरीमागे किती सुटतात म्हणून? आणि हे मी कुणाच्या पैशाने करत नाही, कुणाच्या दारात करत नाही. गच्चीवर प्रायमरचा स्प्रे मारतो म्हणून गेल्या वर्षी नोटीस बोर्डावर 'काही रहिवासी रासायनिक फवारणी करतात' असं लागलं होतं. जून ते सप्टेंबर या हवेत स्प्रे मारणं म्हणजे नासाडी, दमटपणाने प्रायमर खरखरीत बसतो आणि वार्निश पांढरं फटक पडतं. उरलेल्या महिन्यांत कोरडी दुपार गाठून मी वर जातो, तर तिथे त्याच सदस्यांचे पापड वाळत असतात. पापडांबद्दल बोर्डावर कधी अक्षर लागलेलं नाही.

खेळायचं म्हणाल तर रीतसर टेबल सहा फूट बाय चार फूट लागतं. ते आमच्या हॉलमध्ये उघडलं तर आईने टीव्ही गॅलरीतून बघायचा. म्हणून मी बहुतेक नुसता रंगवतो. खेळ काढणाऱ्या कंपनीनेही कमी छळलेलं नाही. 2015 साली त्यांनी त्या खेळातलं सगळं जगच कथेत बुडवून टाकलं, बाहुल्यांच्या पायाखालचे चौकोनी पाट जाऊन गोल पाट आले, आणि माझ्यासारख्यांच्या फौजा एका रात्रीत निर्वासित झाल्या. मग 2024 साली तेच जुनं जग पुन्हा विक्रीला आणलं, चौकोनी पाटांसकट. मधली वर्षं ज्यांनी हळहळत काढली त्यांना साधी करंजीसुद्धा कुणी दिली नाही.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडायचा नसतो, असं काकांनी सांगितलं. परवा एकदाचे सैनिक परत मिळाले, करंज्यांच्याच डब्यातून. त्या स्टीलच्या डब्यातून नव्हे, तो त्यांनी ठेवून घेतलाय. प्रत्येकाच्या पाटाला हळिवाची मुळं घट्ट धरून बसलेली. भाल्यांची टोकं वाकलेली. धातू जुना आहे, सरळ करताना तुटणार. एकाच्या पाठीत काडी खुपसून भगवा झेंडा लावलेला. आणि प्रत्येकाला, शेवटच्या तिरंदाजापर्यंत, काळ्या जेल पेनने मिशा. नातवाचं काम. मी भिंग लावून बघितलं. ओठांवरून निघून गालांवर वळलेल्या, टोकाला निमुळत्या झालेल्या मिशा, कुठे थरथर नाही, डावी-उजवी बरोबर जुळणारी. श्वास कधी सोडायचा हे त्या कारट्याला कुणी शिकवलं कोण जाणे. मला इतका राग आला की मी दिवा बंद करून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगायला गेलो की त्यातल्या जुन्या बाहुल्यांत शिसं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत या मिश्रधातूत शिसं असायचं, तेव्हा मुलाला साबणाने हात धुवायला लावा आणि पुन्हा खेळायला देऊ नका.

"शिसं?" काका म्हणाले. "अरे, आमच्या लहानपणी चाळीतले नळ शिशाचे होते. काय झालं आम्हाला?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. उत्तर दिलं नाही. नातवाला मात्र बेसिनपाशी नेऊन स्वतः हात धुवायला लावले.

"बरं झालं तूच आलास," काका मागून म्हणाले. "पहिल्या मजल्यावरच्या आंटींना मी शब्द दिलाय. नाताळात त्या गोठा मांडतात ना, त्यांचे मेंढपाळ उंदरांनी खाल्लेत. म्हटलं, वरती आमच्या माणसाकडे भरपूर स्टॉक आहे."

"काका, माझ्याकडे मेंढपाळ नाहीत."

"ते मी बघतो. आणि ते तीन राजे असतात, उंटावरचे. तेवढे आहेत का?"

"उंट नाहीत."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग ते मुधोळ दे," म्हणाले, "पण या वेळी मिशा तूच काढ. पोराची परीक्षा आहे."