जिद्दीमागचा हिशेब

प्रेरणादायी पुस्तके वाचू नयेत असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीला, किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तरुणाला उभारी देणारी चार वाक्ये हवीच असतात, आणि ती ज्या पुस्तकातून मिळतील ते पुस्तक त्यांच्यापुरते चांगलेच म्हणावे लागेल. माझी तक्रार वेगळी आहे. अशी पुस्तके एकामागून एक वाचत गेले की मोठी माणसे केवळ इच्छाशक्तीच्या बळावर मोठी झाली, आणि आपण मागे राहिलो तर तो आपल्याच मनाचा दुबळेपणा, ही समजूत वाचकाच्या मनात नकळत घट्ट होते. ती चुकीची आहे, आणि हे पडताळून पाहायला कोल्हापूरकराला फार लांब जावे लागत नाही.

खाशाबा जाधवांचेच पाहा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. भाषणांत आणि व्हॉट्सअॅपवर ही गोष्ट कराडजवळच्या गोळेश्वरच्या एका मुलाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होती यात शंकाच नाही. परंतु तपशिलात शिरले की इतर माणसे दिसू लागतात. १९४८मध्ये लंडनला जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल तेथे मॅटवर उतरला, रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराचे मार्गदर्शन त्याला लाभले आणि तो सहाव्या क्रमांकावर राहिला. पुढच्या खेपेला पैशांची पुन्हा अडचण आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणाऱ्या शिक्षकाचा हा प्रसंग जिद्दीच्या गोष्टीत बहुधा एका ओळीत उरकला जातो, आणि पदकानंतरची उपेक्षा तर गाळलीच जाते. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, हे किती भाषणांत ऐकायला मिळते?

आता आजच्या तालमीतल्या पोराने यातले काय वाचावे? नुसती जिद्द वाचली तर तो चार जोर अधिक मारील, तेही वाईट नाही. परंतु पूर्ण हकिकत वाचली तर मॅटचा सराव लवकर मिळवला पाहिजे, परक्या डावांची माहिती असलेला मार्गदर्शक गाठला पाहिजे आणि खर्चाची तरतूद आधीच बोलून ठेवली पाहिजे, हे त्याच्या ध्यानात येईल. वस्तादाशिवाय आणि जोडीदाराशिवाय कोणी मल्ल होत नाही हे त्याला तालमीत ठाऊक असतेच. पुस्तक हातात घेतल्यावर मात्र तो ते विसरतो.

मराठी वाचकांत ‘एक होता कार्व्हर’ हे वीणा गवाणकरांचे पुस्तक १९८१पासून आजतागायत घरोघरी वाचले जाते, आणि पुष्कळजण ते केवळ प्रेरणेसाठी वाचतात, याचे मला वाईट वाटते. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा कृष्णवर्णीय मुलगा शास्त्रज्ञ झाला, एवढे डोळ्यांत पाणी आणणारे आहे खरे. पण त्याला निओशो गावात आसरा देणाऱ्या मरायाबाई वॉटकिन्स होत्या. चित्रकला शिकायला आलेल्या या विद्यार्थ्याचा ओढा वनस्पतींकडे आहे हे ओळखून त्याला शेतकीच्या शिक्षणाकडे वळवणाऱ्या एटा बड नावाच्या शिक्षिका होत्या. आणि केवळ कातडीचा रंग पाहून त्याला दारातून परत पाठवणारे एक कॉलेजही होते. त्यानंतर येते ते त्याचे प्रत्यक्ष काम, आणि माझ्या मते खरे वाचनीय तेच आहे. १८९६मध्ये कार्व्हर टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत गेले तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जमिनी वर्षानुवर्षांच्या कापसाने निकस झाल्या होत्या. त्यांनी भुईमूग आणि चवळीसारखी पिके आलटून पालटून घ्यायला सांगितले, कारण या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात. गरीब शेतकऱ्याला परवडेल आणि समजेल अशा पुस्तिका त्यांनी काढल्या, आणि १९०६पासून शेतीचे ज्ञान गाडीत घालून थेट बांधापर्यंत नेले. (पीनट बटर त्यांनी शोधले, हे मात्र खरे नाही, प्रेरणादायी भाषणांत ते हमखास ऐकायला मिळते.)

शिरोळ तालुक्यातला वाचक हे वाचून नुसता भारावून जात असेल तर ते पुस्तकाचे अर्धेच वाचन झाले. उसावर ऊस आणि त्यावर खोडवा घेणाऱ्या, पाटाच्या पाण्याने जमीन क्षारपड होताना पाहणाऱ्या माणसाला कार्व्हरमध्ये आयते उत्तर सापडणार नाही, कारण क्षारपड जमिनीला आधी निचरा लागतो, तेथे भुईमूग पेरून भागत नाही. परंतु आपल्या मातीला नेमके काय झाले आहे हे आधी शोधावे, स्वस्तातला उपाय पाहावा आणि तो शेजाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगावा, ही रीत त्याला तेथून उचलता येईल. मग माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा आणि सच्छिद्र पाइप टाकून पाण्याचा निचरा कसा करतात, हे सांगणारे एखादे रुक्ष पुस्तकही त्याला वाचावेसे वाटेल. एका प्रेरणादायी पुस्तकाने वाचकाला दुसऱ्या माहितीपर पुस्तकापर्यंत पोहोचवले, तर ते पुस्तक कामी आले असे मी मानतो. नाही तर तो आणखी एका प्रेरणादायी पुस्तकाकडेच वळतो.

गंमत अशी की या प्रकारच्या लेखनाची सुरुवात एकट्या माणसाला उपदेश करण्यापासून झालेलीच नाही. सॅम्युअल स्माइल्स यांचे १८५९मध्ये निघालेले ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक लीड्समधल्या कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाले, आणि ते कामगार एकमेकांना शिकवण्यासाठी संध्याकाळी एकत्र जमत असत. पुस्तक कुंभार, इंजिनियर आणि विणकर यांच्या कामाच्या बारीकसारीक हकिकतींनी भरलेले आहे. स्वतःला मदत करण्यातच शेजाऱ्याला मदत करणे येते, असा खुलासाही पुढे स्माइल्सना प्रस्तावनेत करावा लागला. आजच्या पुस्तकांतून त्या हकिकती बऱ्याच गळाल्या आहेत आणि सूत्रे तेवढी उरली आहेत. पुस्तकाचा सारांश दहा मिनिटांत ऐकवणाऱ्या व्हिडिओंविषयी तर काय बोलावे! सारांशात आधी तपशीलच जातो, आणि शिकण्यासारखे होते ते त्यातच होते.

चरित्रे आणि आत्मचरित्रेही सगळे खरे सांगतात असे नाही. यशस्वी माणूस मागे वळून पाहतो तेव्हा नशिबाचा वाटा कमी करून शहाणपणाचा वाढवतो, आणि चरित्रकार भक्त असेल तर विचारायलाच नको. म्हणून एकाच माणसाविषयी दोन पुस्तके मिळत असतील तर दोन्ही वाचावीत, आणि वाचताना पैसा कोठून आला, घर कोणी सांभाळले, काम कोणी शिकवले, हे पेन्सिलीने समासात लिहीत जावे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रावर ही पद्धत वापरून पाहावी असे मी सुचवीन. कुंभोजला जन्मलेला हा माणूस कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकला, शाहू महाराजांचे काम त्याने जवळून पाहिले, पुढे १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्याच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. अशा वाचनाला फार पैसे लागत नाहीत. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून याच शहरात आहे. तेथे गेलात तर चरित्रांच्या कपाटापासून सुरुवात करा, आणि काय हाती लागले ते येथे प्रतिक्रियांत अवश्य लिहा. लक्ष्मीबाईंविषयी सविस्तर लिहिलेले काही सापडले तर ते मला आधी हवे आहे.