‘डिस्पोजेबल व्हेप बंद, आता परत घ्यायची कटकट नाही’: हा मेसेज चुकीचा आहे

ब्रिटनमधल्या व्हेप (ई-सिगारेट) विकणाऱ्या दुकानदारांच्या ग्रुपवर एकदाच वापरून टाकायच्या, म्हणजे डिस्पोजेबल व्हेपबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय: ‘१ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपवर बंदी आली, म्हणजे जुनी व्हेप परत घ्यायची कटकट संपली. छोट्या दुकानांना ती तशीही लागू नव्हती. कोणी आणून दिलंच तर कचऱ्यात टाका.’ बंदी आणि तिची तारीख सोडली तर यातलं काहीही खरं नाही.

‘कटकट संपली.’ बंदी डिस्पोजेबलच्या विक्रीवर आहे. चार्ज आणि रिफिल होणारी, कॉइल (द्रव तापवणारी तार) बदलता येणारी व्हेप आजही विकता येतात. ती विकताय तोवर ग्राहकाने आणलेलं जुनं व्हेप किंवा त्याचे भाग फुकट परत घ्यावेच लागतात, मग ब्रँड कुठलाही असो. नवीन घेतल्यावर जुनं आणून द्यायला ग्राहकाला किमान २८ दिवस मिळतात. ऑनलाइन विक्रेतेही यातून सुटलेले नाहीत.

‘छोट्या दुकानांना लागू नाही.’ हा गैरसमज बहुधा दोन आकड्यांवरून झालाय. वर्षाला ३२ किलोपेक्षा कमी सुट्या बॅटऱ्या विकणाऱ्याला बॅटऱ्या परत घेण्यातून सूट आहे; व्हेप त्या हिशेबात येत नाही, ते विद्युत उपकरण आहे. दुसरा आकडा ४०० चौरस मीटरचा. विद्युत उपकरणांच्या विक्रीची जागा त्याहून मोठी असेल, तर काहीही खरेदी न करणाऱ्याकडूनही २५ सेंटिमीटरपेक्षा लहान विद्युत उपकरणं घ्यावी लागतात. लहान दुकानाला ‘एक विकलं की एक परत’ हे बंधन राहतंच.

‘कचऱ्यात टाका.’ हा सल्ला सगळ्यात घातक. कचऱ्याच्या गाडीत माल दाबला जातो, व्हेपमधल्या बॅटरीचा लिथियम सेल चेपतो, आतला पातळ पडदा फाटून शॉर्ट होतो आणि भोवतीचा पुठ्ठा पेट घेतो. त्यामुळे व्हेपसाठीचा आग न पकडणारा वेगळा डबा ठेवा, हीटरपासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून लांब. हाताळताना हातमोजे घाला, गळलेलं निकोटिन त्वचेतून शरीरात जातं. व्हेप खोलून बॅटरी काढत बसू नका. सुटी बॅटरी आलीच तर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेलं किंवा गरम लागणारं व्हेप बाकीच्यांत मिसळू नका. ते वेगळं ठेवून कचरा उचलणाऱ्याला आधी कळवा, कारण खराब बॅटरीचं पॅकिंग निराळं असतं.

जमा झालेली व्हेप नोंदणीकृत कचरा वाहकालाच द्या. किती दिली, कुणाला दिली, याची नोंद ४ वर्षं जपावी लागते. उरलेला डिस्पोजेबल स्टॉकही याच वाटेने काढायचा. तो विकताना सापडलात तर इंग्लंडमध्ये पहिल्यांदा २०० पाउंड दंड, पुन्हा सापडलात तर अमर्याद दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद.